लाँच सुटते कुठनं?

हल्ली आमच्या कोकणात सगळं लाँच होतं. होम स्टे लाँच होतो, कोकम सरबताची नवी बाटली लाँच होते. मागे एका पतपेढीने ठेव योजना लाँच केली आणि फलकावर धूर सोडत वर निघालेलं रॉकेट छापलं. ठेवीदाराला आपल्या पैशाचा धूर आधीच दाखवून ठेवणं कितपत शहाणपणाचं, कोण जाणे.

माझ्या वयाच्या माणसाला लाँच म्हटलं की पहिला आठवतो तो डिझेलचा वास. फेरीबोटी यायच्या आधी दाभोळहून पलीकडे धोपाव्याला जायचं तर लाँचच होती. फळीवरून तोल सांभाळत चढायचं, मासळीच्या टोपल्या आणि पाय बांधलेल्या कोंबड्यांच्या मधून जागा काढायची, कुणाची स्कूटर असली तर चौघांनी उचलून आत घ्यायची. नावांची वर्गवारी पक्की होती. मुंबईहून हर्णै, दाभोळ, जयगड करत खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे जायची ती बोट. ती खोल पाण्यात उभी राहायची, म्हणून उतारूंना काठाला आणायचा तो पडाव. आणि खाडीत टकटक करत इंजिनावर चालायची ती लाँच. यात गल्लत करणारा तो घाटावरचा.

लिंगाचाही घोळ नव्हता. लाँच यायची, भरायची, चुकायची. ॲपचं मात्र ‘लाँच’ असतं, नपुंसकलिंगी.

पुतण्याने हापूस विकायचं ॲप काढलं, तेव्हा ओटीवर बसून सांगत होता, “आबा, पाडव्याला लाँच आहे. तुम्ही पाहिजेच.”

आबा सुपारी कातरत होते. म्हणाले, “येतो की. सुटते कुठनं?”

पोरगं हसून लोळलं. मला मात्र प्रश्न चोख वाटला, कारण इंग्रजीत या दोन लाँच खरोखरच वेगवेगळ्या धक्क्यांवरून सुटलेल्या आहेत.

ॲपवालं लाँच हे क्रियापद. त्याचं मूळ भाल्यात आहे. लॅटिनमधल्या भाल्याच्या शब्दावरून जुन्या फ्रेंचमध्ये भाला फेकण्याचं क्रियापद झालं, उत्तर फ्रान्सच्या बोलीत त्याचा उच्चार जरा बदलला आणि तेच इंग्रजांनी उचललं. आधी अर्थ नुसता फेकणे, झेपावणे असा. मग १४०० च्या सुमारास जहाज पाण्यात लोटण्यालाही तोच शब्द लागला. या घराण्याची बाकीची मंडळी आपल्या ओळखीची आहेत. भाला तो लान्स. डॉक्टरांची गळू कापायची छोटी सुरी ती लॅन्सेट. आणि फ्रीलान्सर म्हणजे मूळचा भाडोत्री भालाईत, जो पैसे देईल त्या राजाकडून लढणारा. मीही भाषांतरं करून पोट भरणारा फ्रीलान्सर. पावसाळ्यात वीज गेली की लॅपटॉपची बॅटरी संपायच्या आत मजकूर पाठवायची धडपड करतो तेव्हा हातात भाला असल्यासारखं काही वाटत नाही.

खाडीतली लाँच हे नाम. ते आलं समुद्रमार्गे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज खलाशांनी ते स्पॅनिश-पोर्तुगीज ‘लांचा’वरून घेतलं, शिडाच्या युद्धनौकेवर ज्या लहान होड्या ठेवलेल्या असत, त्यांतल्या सर्वांत मोठीला ते लाँच म्हणू लागले. कोशकार तिथेही थांबत नाहीत, ते माग काढत मलय भाषेकडे जातात. मलयमध्ये ‘लांचार’ म्हणजे भरभर, न अडखळता. पोर्तुगीजांनी १५११ साली मलाक्का घेतलं, तेव्हा तिकडच्या चपळ होड्या त्यांच्या नजरेत भरल्या असतील तर नवल नाही. त्याच पोर्तुगीजांनी आपल्याला चावी दिली, घमेलं दिलं, पगार दिला. लाँच मात्र आपण इंग्रजांच्या हातून घेतली, असं तिच्या उच्चारावरून दिसतं.

मला गंमत वाटते ती पुढची. आज मलेशियात पुस्तकाचा किंवा मोबाइलचा लाँच सोहळा असला की त्याला ‘पेलांचारान’ म्हणतात. म्हणजे त्याच ‘लांचार’पासून. इंग्रजीत भाल्याची लाँच आणि होडीची लाँच सख्ख्या नाहीत, पण मलय माणसाने आपल्या होडीच्याच शब्दातून लाँचचा सोहळा काढला. आबांचा गोंधळ क्वालालंपूरला कुणाला गोंधळ वाटला नसता.

क्रियापदाने भाला टाकून जहाज धरलं, तेव्हाचा अर्थ मला सर्वांत आवडतो. जहाजबांधणीत लाँच म्हणजे काम संपलं असं नाही. सांगाडा पाण्यावर तरंगतो एवढंच त्या दिवशी कळतं. ‘विक्रांत’ कोचीत पाण्यात उतरली १२ ऑगस्ट २०१३ ला आणि नौदलात दाखल झाली २ सप्टेंबर २०२२ ला. मधली नऊ वर्षं बांधणी आणि चाचण्या चालूच होत्या. वर्तमानपत्रं पहिल्या दिवसाला जलावतरण म्हणतात. आमच्याकडे किनाऱ्यावर असा जड शब्द कुणी वापरत नाही. होडी लोटायची, बस्स.

ते लोटणं बघण्यासारखं असतं. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. पुढे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की हंगामाची खरी धांदल. भरतीच्या रेषेच्या वर झापांनी शाकारून ठेवलेली लाकडी होडी उघडी करतात, फटींत कापूस ठासतात, वर राळ आणि तेल चढतं. पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जास्तीत जास्त वर येतं, तेवढं अंतर कमी ढकलावं लागतं. होडीखाली ओंडके घालतात. दोन्ही अंगांना माणसं खांदा लावतात, एकजण आवाज देतो, होडी हातभर सरकते आणि मागचा ओंडका मोकळा होतो. तो उचलून दोन पोरं धावत जाऊन पुढे टाकतात. पुन्हा आवाज, पुन्हा हातभर. शेवटची लाट खालून शिरते तेव्हा खांद्यावरचा भार एकदम जातो आणि निम्मी माणसं तोंडावर आपटतात.

होडी तरंगली की सगळे ओरडतात, पण एक म्हातारा आधीच आत चढलेला असतो. तो तळाच्या फळ्यांवर हात फिरवत पाणी कुठून येतंय ते बघत असतो. पाणी येतंच. दोन महिने सुकलेलं लाकूड पहिल्या दिवशी झिरपतं. मग फळ्या फुगतात, सांधे मिटतात. त्या दिवशी कुणी घाबरत नाही, डबा घेऊन उपसत बसतात.

पुतण्याचं ॲपही पाडव्याला पाणी घेत होतं. पत्ता भरला की पिनकोड पुसला जायचा आणि पेटी एक मागवली की बिल दोनचं यायचं. बिचारा मंचामागे बसून उपसत होता. मंचावर मात्र सगळं पूर्ण झाल्याच्या थाटात फीत कापली गेली, आणि प्रमुख पाहुणे बोलत सुटले. इंग्रजीत यालाही लाँचच वापरतात: माणूस भाषणात स्वतःला लोटून देतो. आंब्यावरून सहकारावर, सहकारावरून स्वतःच्या शाळेच्या दिवसांवर. आबा उठून चहा पिऊन आले तरी पाहुणे अजून चौथीत होते.

होडीपाशी असं कुणी बोलत उभं राहत नाही. भरती उतरायला लागली की होडी अर्ध्या वाटेत वाळूत बसते, आणि मग बारा तासांनी, रात्री-अपरात्री बॅटऱ्या घेऊन पुन्हा माणसं गोळा करावी लागतात. पुतण्याचं पुढचं लाँच आमरस पॅकिंगचं आहे. कार्यक्रम जेटीवर ठेव, भरतीची वेळ बघून, असं मी त्याला सांगून ठेवलंय.