हीट पंपचा आवाज किती येतो ते नंतर, आधी बसवताय कुठे ते सांगा

जर्मनीत घर घेतलेला मराठी माणूस भेटला की आधी व्याजदराचं बोलणं होतं, मग हीट पंपचं, आणि हीट पंपमध्येही सबसिडीचा विषय संपला की गाडी हमखास आवाजावर येते. "रात्री झोप लागते का रे तुम्हाला?" असं मला आत्तापर्यंत इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

ज्यांनी बघितला नाहीये त्यांनी पुण्या-मुंबईत खिडकीबाहेर लटकवलेलं स्प्लिट एसीचं आउटडोअर युनिट डोळ्यासमोर आणा. यंत्र तेच, काम उलटं, बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून घरातल्या रेडिएटरच्या पाण्यात सोडायची. डबा मोठा असतो, पंखाही मोठा आणि सावकाश फिरणारा, त्यामुळे चांगल्या मशीनचा आवाज तसा मऊच असतो. पण तिकडे रिक्षा, कुत्री, वरच्या मजल्यावरचं मिक्सर या सगळ्यात एसी बुडून जातो, आणि इकडे कार्ल्सरूहजवळच्या आमच्या गल्लीत जानेवारीत रात्री अकरा वाजता काही म्हणजे काहीच वाजत नसतं. आणि गंमत म्हणजे पंपाला सगळ्यात जास्त काम नेमकं तेव्हाच असतं.

झोपेचं विचाराल तर आम्हाला आत काही ऐकू येत नाही, तीन काचांच्या खिडक्या बंद असतात. प्रश्न शेजाऱ्यांचा. आमच्या शेजारचे आजोबा कडाक्याच्या थंडीतसुद्धा बेडरूमची खिडकी वरून तिरकी उघडी ठेवून झोपतात, इथे बरेच जण तसेच झोपतात. आणि कायदाही त्यांच्याच बाजूने आहे. टी. ए. लेर्म नावाचा आवाजाबद्दलचा जो जर्मन नियम आहे त्यात मोजमाप शेजाऱ्याच्या उघड्या खिडकीच्या मधोमध, बाहेर अर्ध्या मीटरवर धरतात. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात निव्वळ रहिवासी भागात मर्यादा ३५ डेसिबल, साध्या रहिवासी भागात ४०. तुमचा भाग कुठल्या प्रकारात मोडतो ते नगरपालिकेच्या आराखड्यात बघायचं, सेल्समनला विचारायचं नाही.

सेल्समनवरून आठवलं, ब्रोशरमधला आकडा. त्यावर मोठ्या अक्षरात "फक्त ३५ डेसिबल" असं असतं आणि मशीनच्या एनर्जी लेबलवर बघावं तर ५५ वगैरे. दोन्ही खरे असतात हो! लेबलवरचा आकडा मशीन एकूण किती आवाज बाहेर टाकतं त्याचा, त्याला अंतराशी देणंघेणं नाही, आणि ब्रोशरवाला आकडा अमुक मीटरवर, मोकळ्या जागेत, नाइट मोडमध्ये असा काढलेला. तुमच्या अंगणात मोकळी जागा कुठे आहे?

साधा हिशोब सांगतो. लेबलवर ५५ असेल आणि मशीन उघड्यावर ठेवलं तर ५ मीटरवर अंदाजे ३३ ऐकू येतं. तेच भिंतीला टेकवून ठेवलं तर भिंत आवाज परत फेकते, ३ वाढले, ३६. दोन भिंतींच्या कोपऱ्यात दडवलं तर ३९. अंतर दुप्पट केलं की ६ कमी होतात. म्हणजे मशीन तेच, पण एका जागी नियमात बसतं आणि दुसऱ्या जागी नियमाबाहेर जातं. वर आवाजात एकसुरी घूं असेल तर हिशोबात आणखी ३ किंवा ६ मिळवतात, कारण तसा आवाज माणसाला जास्त टोचतो. आणि लोक काय करतात, तर मशीन दिसू नये म्हणून दोन घरांच्या मधल्या बोळात कोंबतात, जिथे आवाज दोन्ही भिंतींवर आपटत बसतो. हीट पंपवाल्यांच्या इथल्या संघटनेचा आवाजाचा कॅल्क्युलेटर ऑनलाइन फुकट आहे, कोटेशनवर सही करायच्या आधी त्यात स्वतः आकडे भरून बघा.

पण खरं सांगू का, सगळ्यात वाईट आवाज मला माझ्या मित्राच्या घरी ऐकू आला आणि तो हवेतून येतच नव्हता. इन्स्टॉलरने युनिट लोखंडी ब्रॅकेटवर थेट बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ठोकलं होतं. बाहेर अंगणात उभं राहिलं तर काही विशेष नाही, आत पलंगावर डोकं टेकलं की उशीतून बारीक घुमणं सुरू, थांबतंय असं वाटतं आणि परत सुरू. भिंतीला तळहात लावला की कळायचं. कानात बोळे घालून उपयोग नाही, ते हाडातनंच येतं. वहिनी महिनाभर हॉलमध्ये झोपल्या. इन्स्टॉलरचं म्हणणं "मशीन मर्यादेत आहे", जे खरंही होतं आणि कामाचंही नव्हतं. शेवटी युनिट उतरवून भिंतीपासून सुटा काँक्रीटचा ओटा केला, खाली जाड रबरी पॅड, पाइपला लवचिक तुकडे, आणि पाइप भिंतीतून जातो तिथे मऊ भरण. घुमणं गेलं.

दुसरी गोष्ट जी कुणी आधी सांगत नाही ती डीफ्रॉस्ट. लोकांना वाटतं उणे दहाला मशीन बोंबलेल, तेव्हा ते जोरात चालतं हे खरं पण हवा कोरडी असते. चिडचिड होते ती शून्य ते तीन डिग्रीला, दमट धुक्याच्या दिवसात. मागच्या पत्र्यांवर बर्फ साचतो, मग पंखा थांबतो, क्षणभर शांतता, आणि फुस्स करून व्हॉल्व्ह उलटतो, घरातलीच थोडी उष्णता बाहेर नेऊन बर्फ वितळवतात, पाणी टपटपतं, पांढरी वाफ वर येते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्या हिला वाटलं मशीन पेटलं. काही मिनिटांचा खेळ असतो, पण सलग आवाजाची सवय होते, असल्या मधेच बदलणाऱ्या आवाजाची होत नाही.

म्हणूनच गरजेपेक्षा मोठा पंप घेऊ नका, "थोडा जास्तच असू दे" हा आपला देशी स्वभाव इथे नडतो. मोठा पंप सौम्य थंडीत सारखा बंद-चालू होतो. आणि रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान जमेल तितकं खाली ठेवा, कॉम्प्रेसरला कमी राबावं लागतं, वीजही वाचते.

मशीन मात्र सुधारलीत. ६ ते १२ किलोवॅटच्या मशीनला युरोपची मर्यादा ७० डेसिबल आहे, पण इथल्या सबसिडीसाठी २०२४ पासून त्याच्या ५ खाली असावं लागायचं आणि २०२६ पासून १० खाली. त्यामुळे नवीन घेणाऱ्यांनी मशीनची फार काळजी करू नये, काळजी करायची ती जागेची. आमचा रस्त्याच्या बाजूला बसवलाय, पंख्याचं तोंड रस्त्याकडे, दिसायला भिकार दिसतो आणि सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर "दारातच का ठेवलाय तो डबा" विचारून झालंय. पण आजोबांची खिडकी घराच्या पलीकडे राहते.

आता उन्हाळ्यात हाच पंप कूलिंगला लावायचा विचार चाललाय, फक्त तेव्हा सगळ्या गल्लीच्या खिडक्या सताड उघड्या असतात, त्यामुळे आधी आजोबांना विचारणार.