भोकाचा पैसा आणि माझ्या ट्रॅक्टरचा क्रँक

ऊस हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टरचं इंजिन काम निघालं. तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, बारा वर्षं ट्रॉल्या ओढून थकलेलं. गावच्या मिस्त्रीने उघडलं तर क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याच्या पिनांवर (पिस्टनचे दांडे जिथे बसतात त्या गोल भागांवर) चरे, मधली पिन तर ओव्हल झालेली. म्हणाला, ‘‘दहात घासून आणा.’’ म्हणजे पिना पाव मिलिमीटरने बारीक करायच्या आणि त्या मापाची जाड शेल बेअरिंगं, म्हणजे पिनेभोवती बसणाऱ्या अर्धगोल वाट्या घालायच्या.

तालुक्यातल्या एका दुकानात क्रँक टाकला. कारखान्याचा बॉयलर पेटला होता, म्हणून मीच मागे लागलो, ‘‘संध्याकाळपर्यंत द्या, माप आलं की बास.’’ त्यांनी दिला. घासायच्या मशीनच्या दगडावरून उतरवला, गोणपाटात गुंडाळला आणि माझ्या गाडीत ठेवला. मिस्त्रीने मायक्रोमीटर लावला, माप बरोबर. मी नख फिरवून बघितलं, कुठे अडकलं नाही. चकाकत तर असा होता की बघत राहावं.

चाळीस तासही झाले नसतील. इंजिन तापलं की आयडलला ऑइल प्रेशरची सुई खाली बसायला लागली. फिल्टरचा डबा कापून आतला कागद उन्हात धरला तर चंदेरी भुकटी. खालचं तेलाचं चेंबर उतरवून बिग एंडची, म्हणजे क्रँकच्या पिनांवरची बेअरिंगं काढली. वरचा राखाडी थर जागोजाग उडाला होता आणि खालचं तांबं लालसर दिसत होतं. नवी बेअरिंगं, चाळीस तासांत!

मिस्त्रीचं म्हणणं, बेअरिंगं डुप्लिकेट असणार. मला ते पटलं नाही, कारण खोक्यापासून सगळं मीच विकत घेतलं होतं. शेवटी क्रँक उचलला आणि कोल्हापूरला उद्यमनगरात नेला. तिथे एका शेडमध्ये साठीच्या पुढचे एक मिस्त्री फक्त क्रँकच घासतात. त्यांनी पिन बघितली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, ‘‘पालीश कुणी केलं हुतं?’’

मी म्हटलं, ‘‘पॉलिश? घासून दिला की.’’

‘‘तेच म्हन्तोय मी. घासला. पालीश न्हाई केला.’’

क्रँक आता वीसात, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला न्यावा लागणार होता. एका चुकीत क्रँकचं एक आयुष्य गेलं. मी दिवसभर तिथेच बसून राहिलो आणि बरं झालं बसलो. पिना दगडावरून निघाल्यावर त्यांनी मला बोलावलं. ड्रॉवरमधून जुना भोकाचा पैसा काढला, 1943 पासून निघालेला तो कांशाचा, मध्ये गोल भोक असलेला. त्याची कड पिनेवर हलकेच आडवी ओढली. पिनेवर तांबूस रेघ उमटली, शिसपेन्सिलीने कागदावर उमटावी तशी. ‘‘बगा. पैशाला खातंय, तर बेअरिंगला सोडंल व्हय?’’

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बेअरिंग आणि पिन यांच्यात मोकळीक पाच-सहा शतांश मिलिमीटरची असते, पण जोर येतो त्या बाजूला तेलाचा थर एक-दोन मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ होतो. दगडाने सोडलेले बारीक दात त्याच्याएवढेच असले तर ते तेलातून वर येऊन बेअरिंगला कानशीसारखे तासतात. नखाला मोठा चरा कळतो, हे दात कळत नाहीत. मायक्रोमीटर तर शिखरांवरच टेकतो, त्याला दऱ्या दिसतच नाहीत.

मिस्त्रींनी क्रँक मशीनवर फिरता ठेवला. दोन फळ्यांचा लाकडी चिमटा, आत 400 नंबरचा पॉलिश पेपर, वरून तेलाचे थेंब. चिमटा एका जागी धरून ठेवला नाही, सारखा डावी-उजवीकडे हलवत होते. नंतर 600चा, तोही वापरून मऊ झालेला. मी विचारलं, क्रँक या बाजूनेच का फिरवता? ते म्हणाले, इंजिनात ज्या बाजूनं फिरतो त्याच बाजूनं, पेपर म्हंजे बेअरिंग समजा. मला गव्हाची ओंबी आठवली. बोट देठाकडून टोकाकडे नेलं तर कुसळ गपगुमान आडवं होतं, उलटं नेलं की टोचतं. पिनेवरची कुसळंही बेअरिंगला टोचणार नाहीत अशीच निजवावी लागतात.

पण जास्त घासायचं नाही, हेही त्यांनी दोनदा बजावलं. पॉलिशला पाच मायक्रॉनच्या आसपासच माल ठेवायचा. त्याहून जास्त काढायला गेलं की पिन मध्ये पोकळ किंवा कडेला गोल होते, मग कितीही गुळगुळीत असली तरी उपयोग नाही. तेलाच्या भोकांच्या कडांची धार त्यांनी हाताने, छोट्या दगडाने मोडली. भोकांत रॉकेल आणि तारेचा ब्रश घालून धुतलं. पहिल्या पाण्यात जो काळा गाळ निघाला तो बघून अंगावर काटा आला. हा तेलाबरोबर थेट बेअरिंगमध्ये गेला असता.

पुन्हा पैसा ओढला. रेघ नाही.

पैशावर माझा विश्वास बसला होता, तरी आकडा हवाच होता. पुतण्या शिरोली एमआयडीसीत क्वालिटीला आहे. पॉलिशच्या आधी आणि नंतर त्याने छोटं रफनेस टेस्टर पिनेवर टेकवलं. दगडावरून उतरल्यावर आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) 0.7 मायक्रॉन, पॉलिशनंतर 0.2. तो म्हणाला, 0.4च्या आत हवं, 0.2 आलं तर उत्तम. मिस्त्रींना आकडा सांगितला तर ‘‘बरं’’ एवढंच म्हणाले आणि पैसा फडक्याने पुसून ड्रॉवरमध्ये टाकला.

तालुक्याच्या दुकानात जाऊन भांडलो नाही. ‘माप आलं की बास’ हे माझेच शब्द होते आणि त्यांनी बिलात पॉलिशचे पैसे लावलेही नव्हते.

इंजिन बसवलं, हंगामाचे पहिले वीस दिवस गेले ते गेलेच. पहिलं तेल पन्नास तासांनी काढलं. फिल्टर कापला, कागद उन्हात धरला आणि आमच्या धाकट्यालाही बघायला लावला. काळं तेल होतं, बाकी काही नाही.