मदरबोर्ड लावला, पंखा फिरला, स्क्रीन काळी

भाच्याची बारावी आटोपली आणि ताईनं कबूल केलेला कम्प्युटर जुळवून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, घरात पेचकस धरता येते तो मी एकटाच ना. बजेट 40 हजार, मॉनिटर धरून. खेळायचं काय तर व्हॅलोरंट अन् जीटीए फाइव्ह, बस. म्हणून ग्राफिक्स कार्ड सध्या नाहीच, रायझन 5 5600जी प्रोसेसर घ्यायचा, त्यात ग्राफिक्स आतच असते, कार्ड पुढे पाहू.

पण साहेबांनी यूट्यूब पाहून बी550 मदरबोर्ड पक्का करून ठेवला होता. "मामा, त्यात पीसीआयई 4.0 आहे ना!" अरे आहे, पीसीआयई म्हणजे कार्ड जोडायची वाट, 4.0 म्हणजे जास्त वेगाची, पण 5600जी स्वतःच 3.0 च्या वर जात नाही, मग उद्या कार्ड लावलं तरी त्या 4.0 चं लोणचं घालशील का? बाकी लाइटिंगचे पैसे. त्याहून साधा ए520 बोर्ड पुरते, त्यात प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग (ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणं) होत नाही, पण इथं करायचं कोणाला आहे. रॅम मात्र 16 जीबीची एक न घेता 8-8 च्या दोन घ्यायच्या, कारण आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगते अन् एकच लावली तर गेम अडखळते.

एका गोष्टीवर मी अडून बसलो, ते म्हणजे व्हीआरएमवरचं हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा. व्हीआरएम म्हणजे सप्लायचे 12 व्होल्ट उतरवून प्रोसेसरला साधारण सव्वा व्होल्ट देणारे ते सॉकेटच्या बाजूचे काळे चौकोन, स्वस्त बोर्डांवर ते उघडेच असतात. 65 वॉटच्या प्रोसेसरला तसंही चालून जाते, पण मे महिन्यात आपल्या नागपुरात बाहेर 45, खोलीत कूलर लावूनही उकाडा, कॅबिनेटच्या आत काय होत असेल विचार करा. (आणि कॅबिनेट कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका बाप्पा, ते दमट वारं बोर्डाला चांगलं नाही.)

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो, तेही भर दुपारी. दुकानदार म्हणे, "ए520 खतम झाला भाऊ, बी450 घेऊन जा, हीटसिंक आहे, चार रॅम स्लॉट आहे, सेमच आहे." मी हीटसिंक पाहिलं अन् भुललो. घरी आणून जोडला तर पंखे फिरून राहिले, स्क्रीन काळी. रॅम अदलाबदल केली, केबल बदलली, भाच्याचा चेहरा पाहवत नव्हता. रात्री डोक्यात आलं, बी450 आला 2018 मध्ये, 5600जी 2021 चा, बोर्डातल्या जुन्या बायोसला (कम्प्युटर सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) हा प्रोसेसर ठाऊकच नाही! डब्ब्यावर 'रायझन 5000 रेडी' असं स्टिकर नव्हतं, ते दुकानातच पाहायला पाहिजे होतं. प्रोसेसर न लावता बायोस टाकायचं बटनही त्या बोर्डावर नव्हतं. दुकानदार? "खोललेला माल वापस नाही होत."

शेवटी प्रतापनगरच्या मित्रानं त्याचा जुना 2200जी प्रोसेसर दिला, तो जुन्या बायोसला ओळखीचा. 5600जी वरचा पंख्याचा कूलर सरळ ओढला असता तर प्रोसेसर मधल्या पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून आला असता, या एएम4 सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, एक वाकली की गेले पैसे. म्हणून हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवला. मग 2200जी बसवून पेनड्राइव्हनं बायोस अपडेट. जेमतेम पाच मिनिटांचं काम, पण मे महिना, लाइट कधी जाईल नेम नाही आणि मधेच गेली तर बोर्ड मेलाच समजा, म्हणून शेजारच्या काकूंचा यूपीएस उचलून आणला. बार पुढे सरकून राहिला अन् आम्ही दोघं श्वास धरून.

5600जी परत लावला, डिस्प्ले आला. मग विंडोज 11 वर व्हॅलोरंट टीपीएम अन् सिक्युअर बूट (दोन सुरक्षेच्या सोयी) मागून राहिलं, ते बायोसमध्ये जाऊन चालू केलं, तेही रात्री एक वाजता. 2200जी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, यूपीएस मात्र काकूंनी सकाळीच परत नेला.