चटणीच्या डब्यातील युरो

मित्र घरी आला असता खर्च कोणी करायचा, हा प्रश्न सोलापुरात कोणी विचारत नाही. या जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी आलो, तेव्हा पूर्व भागात मित्राच्या घरी आठ दिवस राहिलो आणि त्या आठ दिवसांत माझे पाकीट एकदाही खिशाबाहेर येऊ शकले नाही. पार्क चौकात चहाचे पैसे द्यायला मी नोट पुढे केली, तर चहावाल्याने माझ्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या मित्राकडे पाहिले आणि हात आखडता घेतला. मला त्याचे काही वाटले नाही, कारण इथली रीतच ती आहे. पण हाच मित्र, त्याची पत्नी आणि आमचा तिसरा वर्गमित्र, जो आता वकिली करतो, असे तिघे गेल्या मे महिन्यात जर्मनीत आमच्याकडे अठरा दिवस राहून गेले, आणि तिथे याच प्रश्नावरून आमची तीस वर्षांची मैत्री अबोल्यापर्यंत जाऊन आली.

पैशाची गोष्ट निघाली ती व्हिसाच्या वेळीच. शेंगेन व्हिसाचे शुल्क माणशी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा, आणि व्हिसा नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही. अर्जदाराने आपला खर्च आपण करू शकतो हे बँकेच्या कागदांवरून दाखवायचे असते. ते पुरेसे भक्कम नसतील, तर जर्मनीत राहणारा यजमान परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन पगाराचे पुरावे देतो आणि एक हमीपत्र करून देतो. पाहुण्याचे राहणे, खाणे, आजारपण, आणि वेळ पडलीच तर त्याला देशाबाहेर पाठवण्याचा खर्चही मी सोसेन, असे त्यात लिहून द्यावे लागते. माणशी २९ युरो भरून मी तीन हमीपत्रे केली आणि मोठ्या उत्साहाने सोलापूरला पाठवली. वकिलाने ती नेमाप्रमाणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढली आणि फोनवर म्हणाला, "अरे, हे आमंत्रण नाही, हा जामीन आहे." मी हसलो. चादरीच्या कारखान्याचा मालक असलेला दुसरा मित्र मात्र हसला नाही, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. ज्याने आयुष्यभर गावातल्या निम्म्या लोकांना जामीन दिला, त्याच्या पोटापाण्याची हमी दुसऱ्याने सरकारदरबारी लिहून द्यावी, हे त्याला मनातून लागले होते.

ते आले ते २३ किलोंच्या तीन बॅगा काठोकाठ भरून. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणता येत नाहीत, हे मी बजावून सांगितले होते, त्यामुळे वहिनींनी खव्याच्या पोळ्या नाइलाजाने घरीच ठेवल्या. पण कडक भाकरी, शेंगापोळ्या, शेंगाचटणीचे चार पत्र्याचे डबे आणि दोन जाड चादरी एवढे सामान आमच्या दोन खोल्यांच्या घरात आले, आणि त्या रात्री आमच्या बैठकीच्या खोलीला पहिल्यांदाच माझ्या आईच्या कपाटाचा वास आला. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, रविवारी दुकाने बंद असतात, नळाचे पाणी पिण्याचेच असते, हे सगळे नियम त्यांनी दोन दिवसांत आत्मसात केले. पाण्याच्या बाबतीत तर वहिनी माझ्याही पुढे गेल्या. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की २५ सेंट परत मिळतात, हे कळल्यापासून त्या बागेतल्या बाकाखालीही बाटल्या शोधू लागल्या.

अडचण आली ती गुणाकाराची. युरोला शंभराने गुणले की रुपये होतात, हा हिशेब त्या दिवसांत जवळजवळ बरोबर होता आणि सोपा असल्यामुळेच घातक होता. कॉफी चारशे रुपये. महामार्गावरच्या स्वच्छतागृहात जायला शंभर रुपये. हॉटेलात पाणी मागितले तर तेही विकत, आणि तेही जेवणाइतक्याच गंभीर चेहऱ्याने आणून दिलेले. मी परदेशात गेल्यावर पहिले वर्ष असाच गुणाकार करत उपाशी राहिलो होतो, म्हणून त्यांना तो त्रास होऊ नये या हेतूने मी सगळे पैसे परस्पर देऊ लागलो. बिल येण्याआधीच उठून काउंटरवर जायचे, तिकिटे आदल्या रात्री काढून ठेवायची, विचारले तर "होईल नंतर" म्हणायचे. यजमानपण मला असेच ठाऊक होते.

साल्झबुर्गला निघालो त्या सकाळी हे उघडे पडले. बायर्न तिकीट नावाचे बव्हेरिया राज्यातल्या रेल्वेचे एक दिवसाचे तिकीट असते. पाच जणांपर्यंत मिळून ते काढता येते, कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर चालते आणि सीमा ओलांडून ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत नेते. त्यावर प्रवाशांची नावे लिहावी लागतात. ते काम वकिलाकडे दिले, कारण त्याचे अक्षर आमच्या सगळ्यांत चांगले. त्याने पाच नावे लिहिली, तिकिटाखालची छापील किंमत मोठ्याने वाचली, पाचाने भागली, आणि दोघांनी लगेच पाकिटे काढली. मी पैसे घेतले नाहीत. चादरवाल्या मित्राने नोट माझ्या कोटाच्या खिशात कोंबली, मी ती त्याच्या पिशवीत टाकली, त्याने ती पुन्हा माझ्या पत्नीच्या हातात दिली, आणि समोर बसलेल्या जर्मन आजी वर्तमानपत्र खाली करून हे सगळे पाहत राहिल्या. आमच्याकडे ही झटापट म्हणजे प्रेमाचा प्रकार असतो, पण त्या दिवशी तिच्यात प्रेम कमी आणि जिद्द जास्त होती.

ब्रेनर खिंडीतून आल्प्स ओलांडून आम्ही व्हेनिसला गेलो, तेव्हा भांडण झालेच. तिथे गोंडोलाचा दिवसाचा ठरलेला दर अर्ध्या तासाला ९० युरो आहे आणि एका नावेत पाच जण बसतात. मी नावाड्याशी बोलायला पुढे झालो, तसा मित्र मागूनच म्हणाला, "आम्हाला नावेत बसायचे नाही." का, म्हणून विचारले तर शांतपणे उत्तर आले: "तू आम्हाला इथे आणलेस, ठीक आहे. पण आम्ही घरून निघताना पैसे घेऊन निघालो आहोत. ते खर्च करायला मिळाले नाहीत, तर आम्ही युरोप पाहिला असे गावात कोणत्या तोंडाने सांगायचे? तू दाखवलास असे सांगायचे का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. शिवाय तो चुकीचे बोलत नव्हता, याची खात्री मला बोलणे संपण्याआधीच पटली होती. तो दिवस आणि पुढचा अर्धा दिवस आम्ही पाचही जण पुलांवरून चालत राहिलो आणि कामापुरते बोललो.

तोडगा वकिलाने काढला. शेंगाचटणीचा एक डबा तोवर संपला होता. त्याने तो पुसून काढला आणि ठराव मांडला की प्रत्येक घराने त्यात शंभर युरो टाकावेत, घराबाहेरचे जेवण, तिकिटे आणि प्रवास यांचा खर्च फक्त त्यातून व्हावा, डबा रिकामा झाला की सर्वांनी पुन्हा सारखी भर घालावी, घरात जे शिजेल ते यजमानाचे, आणि वैयक्तिक खरेदी ज्याची त्याने करावी. डबा वहिनींकडे राहील, कारण आम्हा तिघांवर त्याचा विश्वास नव्हता. ठराव एकमताने मंजूर झाला. डबा कितीही पुसला तरी चटणी ती चटणीच, त्यामुळे पुढचे दहा दिवस आम्ही इटली, ऑस्ट्रिया आणि बव्हेरियात जिथे जिथे रोख पैसे दिले, तिथे लसणाचा वास असलेल्या किंचित तांबूस नोटा दिल्या. व्हेनिसमध्ये गोंडोलाचे मन झाले नाही ते नाहीच. पण मोठा कालवा एका काठावरून दुसऱ्या काठावर ओलांडून देणारी तशीच एक साधी नाव असते, बाहेरच्या माणसाला तिचे दोन युरो पडतात. डब्यातून दहा युरो निघाले आणि त्या दोन मिनिटांच्या प्रवासात मित्र नावेत उभा राहून पहिल्यांदा मोकळेपणाने हसला.

त्याला खरा युरोप भेटला तो मात्र आमच्याच गावात, आउग्सबुर्गमध्ये. मी तिथे सहा वर्षे राहतो आहे, यंत्रांच्या कंपनीत काम करतो, आणि हे गाव विणकरांचे आहे हे मला माहितीफलकापुरतेच माहीत होते. जुन्या सूतगिरणीच्या इमारतीत तिथे वस्त्रोद्योगाचे संग्रहालय आहे आणि त्यात माग चालवून दाखवतात. माग सुरू झाला तेव्हा मित्र काचेपाशी गेला नाही. तो मागे भिंतीला टेकून डोळे मिटून उभा राहिला, आणि थोड्या वेळाने म्हणाला की आडवा धागा नेणारा धोटा डावीकडून परत येताना अडखळतो आहे. माग दाखवणाऱ्या वयस्क माणसाला मी ते भाषांतर करून सांगितले. त्याने माग थांबवला, धोटा हातात घेतला, आणि मग पाऊण तास एक जण तेलुगू वळणाच्या मराठीत आणि दुसरा बव्हेरियन जर्मनमध्ये ताणा, बाणा, फणी यांविषयी बोलत राहिले. पहिल्या पाच मिनिटांनंतर त्यांना माझी गरज उरली नाही. नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागाच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ दिसली, तेव्हा मित्राने वहिनींना हाक मारून दाखवली, जणू माहेरचे कोणी भेटले असावे. आमच्या घरी पांघरायला आणलेल्या चादरीवरचा मोर अशाच पुठ्ठ्यांवरून उतरलेला होता.

अठराव्या शतकात या गावात भारतातून आलेल्या सुती कापडावर छपाई करणारे मोठे कारखाने निघाले. स्वस्त आणि तलम परदेशी कापडामुळे गावातल्या विणकरांचे माग बसू लागले, आणि १७९४ मध्ये त्यांनी त्याविरुद्ध उठाव केला. हे वाचून दाखवल्यावर मित्र बराच वेळ काही बोलला नाही. त्याचे आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलच्या मागून तिथे आलेल्या गिरण्या एकेक करून बंद पडलेल्या त्याने पाहिल्या आहेत. शेवटी म्हणाला, "म्हणजे एके काळी आपल्यामुळे यांचे माग बंद पडत होते." त्यात अभिमान होता की अपराधीपणा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

शेवटच्या दिवशी फुगराय नावाची जुनी वसाहत पाहिली. हान्स फुगर नावाचा विणकर १३६७ मध्ये खेड्यातून या गावात आला, आणि त्याच्या वंशातल्या याकोब फुगरने पुढे इतकी संपत्ती मिळवली की १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सची सम्राटपदी निवड त्याच्या कर्जावर झाली. त्याच याकोबने १५२१ मध्ये गरजू कॅथलिक गावकऱ्यांसाठी ही वसाहत स्थापन केली. पिवळ्या भिंतींची ६७ घरे आजही तिथे आहेत, माणसे त्यांत राहतात, आणि वार्षिक भाडे तेव्हा ठरले तेवढेच, म्हणजे आजच्या चलनात ८८ सेंट आहे. शिवाय दात्याच्या घराण्यासाठी दररोज तीन प्रार्थना म्हणायच्या. वकिलाला भाडेकरारातली ही अट फारच आवडली. चादरवाल्या मित्राचे लक्ष वेगळीकडे होते. "विणकराच्या घरातल्या माणसाने सम्राटाला कर्ज दिले, आणि मला सुताचा व्यापारी पंधरा दिवसांच्या वर उधारी देत नाही," एवढेच तो म्हणाला.

ते गेल्यावर पत्नीने त्यांचे अंथरूण काढले. दोन्ही चादरी नीट घडी करून उशाशी ठेवलेल्या होत्या, त्यांवर चटणीचा डबा, आणि डब्यात सहा नाणी: पन्नास, वीस, दहा, पाच, दोन आणि एक सेंट. सोबत वकिलाच्या सुंदर अक्षरातली चिठ्ठी होती. तीत लिहिले होते की मौजे आउग्सबुर्ग येथील दोन खोल्यांचे एका वर्षाचे भाडे रोख पोहोचले असून प्रार्थना तूर्त उधार ठेवाव्यात, त्या सिद्धेश्वरासमोर फेडल्या जातील. या वेळी तळ्याकाठच्या देवळात त्यांनी मला बरोबर नेले आणि तिघांनी हात जोडले. ते उधारी फेडत होते की नाही, हे मी विचारले नाही. भाड्याची मुदत मेअखेर संपते. परवा रात्री हुरडा खाताना वकिलाने सहज विचारले की हमीपत्र दर वेळी नव्याने करावे लागते का. लागते, मी म्हणालो. माणशी २९ युरो. चादरवाला मित्र म्हणाला, "ते डब्यातून भरू."