घरी रेकॉर्डिंग करायचंय? लॅपटॉप आधी कानाने निवडा

परवा एका मित्राने विचारलं की घरी गाणी रेकॉर्ड करायला कुठला लॅपटॉप घेऊ, तर मी त्यालाच उलट विचारलं की एका वेळी किती माइक लावणार? कारण बरंचसं तिथेच ठरतं. एकट्याने गाणं आणि सोबत गिटार एवढंच असेल तर दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि लॅपटॉप जोडणारा डबा) पुरे, पण अख्खा ड्रमसेट घ्यायचा म्हटलं की आठ इनपुट लागतात.

मी स्वतः सुरुवात लॅपटॉपपासून केली होती, तीही गेमिंगवाल्या. प्रोसेसर तगडा, ग्राफिक्स कार्ड भारी, आणि रेकॉर्डिंगला त्या ग्राफिक्स कार्डचा उपयोग जवळपास शून्य. पंखा मात्र सतत सुरू. कंडेन्सर हा फार संवेदनशील माइक, त्याला सगळं ऐकू येतं, त्यामुळे हळू आवाजातल्या प्रत्येक ओळीमागे घरघर यायची, आणि नॉइज रिडक्शनने ती काढायला गेलं की श्वास आणि 'स', 'श' पण खरवडून निघायचे. एक गाणं मनापासून गायलेलं होतं, ते असंच वाया गेलं, अजून वाईट वाटतं. शेवटी लॅपटॉप आणि इंटरफेस शेजारच्या खोलीत ठेवले आणि माइकची तीन पिनांची एक्सएलआर केबल लांब घेतली. ही केबल बॅलन्स्ड असते, म्हणजे वाटेत शिरणारी खरखर कापली जाते, म्हणून दहापंधरा मीटर गेली तरी काही होत नाही, यूएसबी २.० ची केबल मात्र ५ मीटरच्या पुढे ताणू नका.

आता लेटन्सी, म्हणजे गायल्यापासून हेडफोनमध्ये ऐकू येईपर्यंतचा उशीर. आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने (सॅम्पल) घेतले, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला, आणि बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका खेपेत हाताळतो तो तुकडा, १२८ सॅम्पल ठेवला तर एका बाजूचे साधारण २.७ मिलिसेकंद होतात, जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट, वर कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारा भाग) आणि ड्रायव्हरचा थोडा वेळ. आवाजाला हवेतून एक मीटर जायला ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हा उशीर दोनतीन मीटरवरच्या स्पीकरमधून ऐकण्याइतकाच, त्याने गाणं अडत नाही. बफर १०२४ केला की तोच ४० च्या वर जातो आणि ताल सुटायला लागतो. म्हणून रेकॉर्ड करताना बफर कमी ठेवायचा आणि मिक्सिंगला वाढवायचा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर आहे का ते विकत घेण्याआधीच बघा, मॅकमध्ये त्या कामाला कोअर ऑडिओ आधीपासून असतो. आणि इंटरफेसला डायरेक्ट मॉनिटरिंग असेल तर तुमचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न फिरता थेट हेडफोनला येतो, त्यामुळे जुना लॅपटॉपसुद्धा छान चालतो, खरंच.

रॅम १६ जीबी पुरते, पियानो किंवा स्ट्रिंग्जच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचे संच) वापरणार असाल तर ३२. एसएसडी हवीच. जागेची फार काळजी नको, २४ बिट ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास घेतो. १९२ किलोहर्ट्झच्या नादी लागू नका, कान २० किलोहर्ट्झच्या वर ऐकत नाही आणि ४८ मध्ये ते सगळं येतं. २४ बिट मात्र नक्की ठेवा, मग पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे १२ डेसिबलवर ठेवून निवांत गाता येतं, क्लिपिंगची (आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटण्याची) भीती नाही.

माइकचं म्हणाल तर खोली घुमत असेल तर कंडेन्सरऐवजी कमी संवेदनशील असा डायनॅमिक माइक घ्या आणि जवळून गा, खोलीचा घुमारा बराच कमी येतो. फक्त काही डायनॅमिक माइकना ६० डेसिबलपर्यंत गेन (माइकचा आवाज वाढवणं) लागतो, तेवढा इंटरफेसमध्ये आहे का तपासा. कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (इंटरफेसमधून केबलनेच मिळणारी वीज) लागते. हेडफोन बंद कपांचेच, नाहीतर तालासाठी लावलेल्या क्लिकचा आवाज माइकमध्ये गळतो.

मित्राला एवढंच सांगितलं की लॅपटॉप बघायला जाशील तेव्हा त्यावर काहीतरी जड काम दहा मिनिटं चालू ठेव, कान जवळ ने आणि पंखा ऐक.