तुम्ही विचारलंत म्हणून: इंदूर कोणत्या मॉडेलमध्ये बसतं?

भूगोल शिकवतो म्हटल्यावर हा प्रश्न चुकत नाही. मुलं परीक्षेसाठी विचारतात, त्यांचे आईवडील प्लॉट घ्यायच्या आधी: शहर कसं वाढतं हे सांगणारी पुस्तकातली तीन मॉडेलं, म्हणजे शिकागोची ती वर्तुळं, त्या पाचरी, ती अनेक केंद्रं, यांतलं आपलं इंदूर कोणतं? परीक्षेपुरतं उत्तर सोपं आहे. बहुकेंद्री, म्हणजे एका मध्याऐवजी अनेक केंद्रांभोवती वाढणारं शहर; हॅरिस आणि उलमन या भूगोलतज्ज्ञांचं मॉडेल, १९४५. प्लॉटवाल्यांचं मात्र तेवढ्यावर भागत नाही.

समाजशास्त्रज्ञ बर्जेसची वर्तुळं आधी बाजूला काढू. १९२५ साली त्याने शिकागोवरून मांडलं की मधोमध व्यापार, त्याला लागून कारखाने आणि नव्याने आलेल्या गरिबांच्या मोडकळलेल्या वस्त्या, मग कामगारांची घरं, आणि बाहेर जावं तसतसे पैसेवाले. यासाठी शहराला मध्य एकच लागतो. आपण पटकन होळकरांच्या राजवाड्याकडे बोट दाखवतो. पण १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इथे आली, तशी इंग्रजांची रेसिडेन्सी, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधीचं ठाणंही आलं. ते बसलं खान नदीच्या पलीकडे, होळकरांच्या हुकमाबाहेर, स्वतःचा बाजार घेऊन. छावनीची धान्यमंडी आजही त्याच भागात आहे. म्हणजे गाव वाढायला लागलं तेव्हाच त्यात दोन सत्ता होत्या आणि दोन बाजार होते. पुढे १८७०च्या दशकात खंडव्याहून रेल्वे आली, तीही दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले म्हणून. स्टेशन पडलं या दोन केंद्रांच्या मधे. हॅरिस-उलमन म्हणतात की केंद्रं आपापल्या गरजेने वेगवेगळ्या जागी रुजतात. इथलं दुसरं केंद्र तहाने रुजवलं, हा फरक मला फार मोठा वाटतो.

अर्थतज्ज्ञ होमर हॉइटची पाचर इथे चांगली लागू पडते. १९३९ साली त्याने अमेरिकेतल्या १४२ शहरांची घरभाडी तपासून सांगितलं की श्रीमंत वस्ती एका बाजूला सुरू झाली की चांगल्या रस्त्याच्या कडेने त्याच दिशेला बाहेर सरकत जाते. पलासिया, मग साकेत, मग ए.बी. (आग्रा-बॉम्बे) रोडने वर विजयनगर. नकाशावर बोट फिरवून बघा. आपली मराठी मंडळी मात्र रामबाग-नारायणबागेतून निघाली ती पश्चिमेकडे, लोकमान्यनगर, सुदामानगर. ही पाचर पैशापेक्षा ओळखीपाळखीने सरकली. ‘जोशीकाका तिकडे गेले, आपणही बघू या’ याचा आलेख हॉइटकडे नाही.

आता मिलची जमीन. या सगळ्या मॉडेलांच्या पोटात एक गृहीत असतं, आणि अर्थतज्ज्ञ अलोन्सोने १९६४ साली ते गणितात मांडलं: जो जास्त भाडं देऊ शकतो, जागा त्याच्याकडे जाते. मध्याजवळची जमीन महाग, म्हणून ती रिकामी राहूच शकत नाही. आपली हुकुमचंद मिल ही कापडगिरणी १९९१ साली बंद पडली. बेचाळीस एकरांच्या आसपास जमीन, स्टेशनपासून फार लांब नाही. कामगारांची देणी, बँकांची देणी, मालकीचा वाद. जमीन कोर्टात अडकली. गिरणीच्या आवारात झाडं माजली आणि भोवतालच्या भागाचे भाव चढत राहिले. कामगारांच्या देण्याचे सुमारे २२४ कोटी सुटायला २०२३चा डिसेंबर उजाडला. चार हजार आठशेच्या वर कामगारांचा हा पैसा होता. त्यातले कितीतरी तोवर हयात नव्हते. बत्तीस वर्षं जास्त भाडं देणारे बाहेर उभे होते आणि जमीन जागची हलली नाही. प्लॉट घेणाऱ्यांना मी म्हणून सांगतो, मध्यापासूनचं अंतर नंतर मोजा, आधी खसरा-नकाशा, म्हणजे जमिनीची सरकारी नोंद बघा.

सराफा बाजाराचं कोडं त्याहून मजेदार. दिवसा सोनंचांदी, रात्री त्याच बंद दुकानांपुढे खाण्याच्या गाड्या: गराडू, भुट्टे का कीस आणि जोशींचा दहीवडा. वर्गात जमीन-वापराचा नकाशा रंगवताना मुलं विचारतात, इथे कोणता रंग भरायचा? मी म्हणतो, किती वाजताचा नकाशा काढताय ते आधी ठरवा. त्या तिन्ही मॉडेलांत घड्याळ नाही.

आणि सुपर कॉरिडॉर, शहराबाहेरच्या बाजूचा तो नवा रुंद रस्ता. जुन्या सिद्धांतांत शहर दाटतं, माणसं बाहेर ढकलली जातात, मग रस्ते आणि गाड्या त्यांच्यामागे जातात. इथे आधी रुंद रस्ता झाला, टीसीएस आणि इन्फोसिसला जागा मिळाली, आणि ३१ मे २०२५ रोजी मेट्रोचा पहिला टप्पाही तिथेच सुरू झाला. पाच स्टेशनं, सहाएक किलोमीटर, आजूबाजूला बरीच मोकळी जमीन. राजवाड्याच्या गर्दीत घुसमटणाऱ्याला या टप्प्याचा काडीचा उपयोग नाही. पण तिथे प्लॉट घेऊन बसलेल्याला आहे, आणि मला हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांपैकी बरेचजण नेमके तिथलेच असतात.