थिरथिरा आला!

आज सकाळी सातला येळ्ळूरच्या शेतात गेले होते. भाताच्या मळण्या आटोपल्यात, मसूर वर आलाय. धुक्यात राजहंसगड दिसतही नव्हता. आणि बांधावरच्या दगडांच्या ढिगावर तो! चिमणीएवढा पक्षी, काळा, पोट विटकरी. बसला की शेपटी अशी थरथरते, जणू थंडी त्यालाच वाजतेय. मध्येच पुढे झुकतो, टुणकन खाली उतरून किडा टिपतो आणि परत त्याच दगडावर.

हिमालयाकडून, त्याच्याही पलीकडून येतात हे. एवढासा जीव! इथं आल्यावर मात्र एकटाच राहतो, आपली जागा राखतो. एक तपकिरी मादी जवळ आली तर तिलाही टिक-टिक करत पार उसापर्यंत हाकललं.

शेजारच्या आजी खुरपं थांबवून म्हणाल्या, "गेल्या साली बी हितंच बसायचा की गं ह्यो." मला इतकं बरं वाटलं! म्हणजे बघणारी मी एकटी नाही.

बाबा तो ढीग या आठवड्यात उचलणार होते. फोन करून सांगितलं, मार्चअखेरपर्यंत राहू द्या. "बरं, राहू दे," म्हणाले.